फुप्फुसांचे पहारेकरी आणि गारगोटीची धूळ

नाक, घसा, श्वासनलिका व आतडी यांना आतून जे ओलसर अस्तर असते, त्यास श्लेष्मल त्वचा असे म्हणतात. श्वासावाटे येणारी धूळ व रोगजंतू प्रथम येथेच येऊन पोहोचतात. या अस्तरातून स्रवणाऱ्या चिकट श्लेष्म्यात बरीचशी धूळ अडकते व श्वासनलिकेतील सूक्ष्म रोम ती घशाकडे ढकलतात. मात्र मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही बारीक कण थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत जातात. तेथे रोम नसतात. पहारा असतो तो भक्षक पेशींचा.

या पेशी जन्मजात प्रतिकारशक्तीचा भाग होत. रोगाची पूर्वओळख नसतानाही त्या परक्या कणास वेढून गिळतात व शक्य झाल्यास पचवितात. एली मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञांनी १८८२ साली हे कार्य प्रथम ओळखले व १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच शिष्य.

परंतु हे पहारेकरीही एका शत्रूपुढे हतबल ठरतात. तो म्हणजे गारगोटीची, अर्थात सिलिकाची, धूळ. गिळलेला सिलिकाचा कण पेशीस पचत नाही. उलट तो पेशीच्या आतील पाचक रसांची पिशवी फोडतो व पेशी मरते. मोकळा झालेला कण दुसरी पेशी गिळते, तीही मरते. या सततच्या दाहामुळे फुप्फुसात कठीण गाठी व व्रणासारखे तंतू तयार होतात. हाच सिलिकोसिस होय. दुर्बळ झालेल्या फुप्फुसात क्षयाचे जंतूही सहज शिरकाव करतात.

पवारांच्या संस्थानामुळे मराठी वाचकांस परिचित असलेल्या धार जिल्ह्यात डही हे तहसिलीचे गाव आहे. या जिल्ह्यातील व शेजारच्या अलीराजपूर, झाबुआ भागांतील अनेक आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामास गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत्यू पावलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनास दिला.

झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. प्रतिबंध मात्र पूर्णपणे शक्य आहे. दगड फोडताना व छिद्रे पाडताना पाणी मारावे, यंत्रे बंदिस्त असावीत, धूळ शोषून घेणारे पंखे असावेत. तोंडास बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवीत नाही. त्यासाठी योग्य मुखवटाच हवा. दगडखाणीत, खडी केंद्रात किंवा गारगोटीच्या कारखान्यात काम केलेल्या माणसास खोकला व दम लागत असेल, तर त्याने आपल्या कामाची माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी; अन्यथा हा रोग केवळ क्षय समजला जाण्याचा संभव असतो. शिक्षक व ग्रामसेवकांनी कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांना ही माहिती निघण्यापूर्वीच दिल्यास अनेकांचे प्राण वाचू शकतील.