होडी शाकारली, पासपोर्ट काढला

१ जून ते ३१ जुलै. हे ६१ दिवस रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मासळीचा विणीचा काळ, वर खवळलेला समुद्र, म्हणून सरकारी बंदी. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या नौका शाकारून ठेवलेल्या, जाळी तुणायला काढलेली आणि लिलावाच्या जागी कावळे. ज्यांच्या घरी वर्षभर 'आज बोट आहे, उद्या बघू' चालतं, त्यांना सलग मोकळे दिवस मिळतात ते हेच.

गंमत अशी, की नेमका हाच काळ परदेशी फिरायला सगळ्यात दुर्लक्षित. चाकरमानी मे महिन्यात दुप्पट पैसे मोजून फिरून आलेले असतात, शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि 'पावसात कुठे जायचं' म्हणत उरलेले घरात बसतात. पण पाऊस काय सगळीकडे सारखा पडतो? आंबा घाटाच्या अलीकडे धो धो आणि तिकडे जतला टँकर, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जगातही तसंच. आपलं बंदर बंद पाडणारा नैर्ऋत्येचा वारा ज्या डोंगरावर आपटतो, त्याच्या पाठीमागे कोरडं ऊन असतं. त्या पाठीमागच्या बाजूचे देश, किंवा देशांच्या बाजू, हुडकायच्या. खिसा वाचतो.

बंदरातले खरे तज्ज्ञ

स्वस्तात परदेश प्रवास कसा करायचा, हे मोबाइलवर शोधण्यापेक्षा मिरकरवाड्यात विचारा. इथल्या नौकांवर नेपाळचे खलाशी मोठ्या संख्येनं काम करतात. बंदी लागली की ते घरी निघतात, हंगामाच्या तोंडावर परततात. दर वर्षी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणारा आणि विमानतळाचं तोंडही न पाहणारा हा प्रवासी आहे.

मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर, तिथून बसनं शंभरेक किलोमीटरवर सोनौली. कमानीखालून चालत गेलात की परदेश. भारतीयाला व्हिसा नाही. पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं ओळखपत्र चालतं. विमानानं जाणार असाल तर मात्र आधार कार्डाच्या भरवशावर राहू नका.

शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून हललेला नाही. त्यामुळे भाव सांगितला की पहिला प्रश्न एकच: "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी. हा प्रश्न विचारायला लाजलात तर हजाराच्या खोलीला सहाशे जास्त जातील. नोटा शंभरच्याच न्याव्यात, मोठ्या नोटांचे नियम अधूनमधून बदलतात. घड्याळ १५ मिनिटं पुढे. साप्ताहिक सुट्टी शनिवारी. पाट्या देवनागरीत, त्यामुळे बसवरचं गाव वाचायला कोणाची मनधरणी नको.

आता डोंगरामागची बाजू. जून-जुलैत पोखरा म्हणजे आपलं चिपळूण, छत्री मिटत नाही. पण अन्नपूर्णा आणि धौलागिरीच्या मागे जोमसोम, कागबेनी, मुक्तिनाथ हा मुस्तांगचा पट्टा पर्जन्यछायेत आहे. भुरके उघडे डोंगर, मधेच बार्लीची हिरवी शेतं. मुक्तिनाथ साधारण ३,७०० मीटरवर, १०८ धारांचं पाणी बर्फासारखं. तिथे दुपारी इतका वारा सुटतो, की जोमसोमची छोटी विमानं सकाळीच उडून मोकळी होतात. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना इतर परदेशी माणसाला ३,००० नेपाळी रुपये, सार्क देशांच्या नागरिकाला १,०००. एकच अट: पोखऱ्याहून वर जाणारा रस्ता पावसात ढासळतो. दोन जादा दिवस हाताशी नसतील तर हा बेत करूच नका.

कोकमाच्या भावंडाकडे

श्रीलंकेत हे गणित आणखी सोपं. आपल्या वाऱ्यानंच कोलंबो आणि गॉलचा किनारा भिजतो, मधले डोंगर पाणी अडवतात आणि पूर्वेला त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा इथे समुद्र शांत, निळा. अरुगम बे या काळात लाटांवर स्वार होणाऱ्या गोऱ्या पोरांनी भरलेलं असतं, तिथे खोल्या चढ्या. त्रिंकोमालीकडे वळावं. जगातल्या मोठ्या नैसर्गिक बंदरांपैकी ते एक आहे आणि मिरकरवाड्याच्या माणसाला बंदर बघितल्याशिवाय करमत नाही.

खाण्याचा खर्च तिथे बेतात ठेवता येतो. दुपारी 'राइस अँड करी' मागा. भात, दोन-तीन भाज्या, डाळ, नारळाचा सांबोल आणि हवं तर मासा. संध्याकाळी चहाच्या दुकानात 'शॉर्ट ईट्स' म्हणून रोल, वडे, पॅटिसची अख्खी ताटली समोर येते. घाबरू नका. जेवढे उचललेत तेवढ्याचेच पैसे, उरलेली ताटली परत जाते. शेजारच्या टेबलावर, असं पुटपुटणारे आहेत, पण स्वस्त प्रवासात फार चौकशा करू नयेत. 'अंबुल थियाल' नावाचं माशाचं आंबट कालवण मात्र चुकवू नका. त्यातली आंबट गोष्ट म्हणजे गोरका, आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ.

सिगिरियासारख्या ठिकाणी परदेशी माणसाला डॉलरमध्ये भरभक्कम तिकीट आहे. सार्क देशांच्या पासपोर्टवर ते निम्मं होतं, पण पासपोर्ट हॉटेलात ठेवून गेलात तर पूर्ण पैसे.

आणि समुद्राच्या लोकांसाठी खास: ऑक्टोबर २०२३ पासून तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुराईला फेरी बोट सुरू झाली. साधारण ६० सागरी मैल, चारेक तास. मधे काही काळ ती बंद होती, ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा निघाली. रत्नागिरीहून कोकण रेल्वेनं एर्नाकुलम आणि तिथून वेलांकण्णीच्या बाजूची गाडी धरली तर विमानात पाय न ठेवता परदेश होतो. वेळापत्रक मात्र समुद्राच्या मर्जीवर. मिरकरवाड्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. श्रीलंकेची प्रवास परवानगी, ईटीए, निघण्याआधीच काढा आणि सरकारी संकेतस्थळावरूनच. तसल्याच नावाची दलाली संकेतस्थळं बाजारात पुष्कळ आहेत.

पैसे देऊन म्हाकुल पकडणारे लोक

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर तेरेंगानू नावाचं राज्य आहे. त्यांची बंदर-बंदी आपल्या उलट. ईशान्य मोसमी वाऱ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तिथली पेरहेंतियान आणि रेदांग बेटं जवळपास मिटून जातात आणि जून-जुलैत पाणी आरशासारखं. याच सुमारास तिथे म्हाकुलाचा हंगाम असतो. रात्री दिवे लावलेल्या बोटीत पर्यटक बसतात, हातात दोरी, टोकाला गळ, आणि एक म्हाकुल वर आला की टाळ्या. या करमणुकीला तिकीट आहे. आमच्या बंदरात याच कामाला पगार देतात!

मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला. ही सवलत २०२६ अखेरपर्यंत जाहीर आहे. आगमनाचं डिजिटल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, तेही फुकट. तेरेंगानूत आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी, म्हणून बेटांवरची गर्दी गुरुवारी संध्याकाळपासून. तुम्ही रविवारी पोहोचा. हलाल जेवण शोधावं लागत नाही, ते सगळीकडे आहे. मामाक खानावळीतला रोटी चनाई आणि ओढून फेसाळ केलेला चहा यावर सकाळ निघते. माशाच्या लगद्याचे तळलेले लांबोडके, केरोपोक लेकोर, बंदरावर गरम मिळतात. सुकटीच्या माणसाला आवडतील.

वाऱ्याच्या माहेरी

आपला मोसमी वारा निघतो कुठून? दक्षिण हिंदी महासागरात मॉरिशसच्या आसपास, मॅस्करीन बेटांच्या नावानं ओळखला जाणारा जास्त दाबाचा पट्टा आहे. तिथून निघालेले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडताना वळतात आणि नैर्ऋत्येकडून येऊन आपल्या नौका किनाऱ्याला लावतात. म्हणजे मिरकरवाड्याची सुट्टी मंजूर होते ती मॉरिशसकडून.

जून-जुलैत तिथे हिवाळा. स्वेटर एखादाच लागतो, पण युरोपीय गर्दी ओसरलेली असते, त्यामुळे खोल्या घासाघीस करून मिळतात. इथेही तोच नियम. वारा पूर्वेकडून आपटतो, म्हणून राहायचं पश्चिमेला, फ्लिक आँ फ्लाक किंवा तामारिनकडे. बेटभर बस धावतात. रस्त्यावरची ढोल पुरी म्हणजे आत चण्याची डाळ भरलेली पोळी, दोन खाल्ल्या की दुपार झाली. व्हिसा आधी काढावा लागत नाही. विमानाचं तिकीट मात्र महाग, हे कबूल. सगळी बचत त्यानंतरची.

तरी रत्नागिरीच्या माणसानं एकदा जावं. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून करारावर मजूर म्हणून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ होते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ते उतरले, २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी आपली जाखडी तिथे अजून नाचती ठेवली आहे. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. पण तोवर आपल्या नौका समुद्रात गेलेल्या असतात, म्हणून ती हौस पुढच्या कधीतरी.

फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशस आणि श्रीलंकेत आपलं यूपीआय चालू झालं आहे. प्रत्येक टपरीवर नाही, तेव्हा थोडी रोकड हवीच. कार्ड वापरताना यंत्र विचारतं, 'रुपयात कापू का?' नको म्हणा. तिथल्याच चलनात कापू द्या. रुपयांचा दर ते यंत्र स्वतःच्या सोयीनं लावतं.

झटपट फेरी

बाली: कोरडा हंगाम खरा, पण जुलैत ऑस्ट्रेलियाच्या शाळांना सुट्टी, भाव वर. गेलात तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. आगमनाचा व्हिसा ५ लाख रुपिया, वर पर्यटक कर दीड लाख रुपिया. आकडे ऐकून छातीत धस्स होतं, रुपयांत मांडल्यावर जरा श्वास येतो.

थायलंड: फुकेतची बाजू भिजते, आखातातली सामुई आणि ताओ बेटं बरीच कोरडी. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आणि फुकट. कोणी त्याचे पैसे मागितले तर तो ठग.

भूतान: चलन रुपयाच्या बरोबरीचं, भारतीयाला व्हिसा नाही. पण दर माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क. चार माणसांचं कुटुंब पाच रात्री राहिलं की २४,००० तिथेच. मोठ्या कुटुंबाला स्वस्त म्हणून कोणी सुचवलं तर हा गुणाकार करून दाखवा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ.

दुबई: उन्हाळ्यात हॉटेलांचे भाव कोसळतात, कारण बाहेर पाऊल टाकवत नाही. आणि ओमानचं सलालाह? जूनच्या अखेरीस तिथे झिमझिम सुरू होते, डोंगर हिरवे होतात आणि आखातभरातून माणसं भुरभुर पाऊस बघायला येतात. खोल्यांचे भाव चढतात. कोकणातून तिकीट काढून पाऊस बघायला जाणारा भेटला तर त्याला मांडवीच्या जेटीवर उभं करा.

बॅगेतला कोकण

आखातात मुलगा-सून आहेत म्हणून डबा भरून नेणाऱ्यांनी हे वाचावं. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं. खसखस तर संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात थेट बंदी असलेली वस्तू. म्हणजे अनारसे घरीच खा. सुकी मासळी नेताना त्या देशाचे नियम बघा. ऑस्ट्रेलियाला नेत असाल तर आगमनाच्या कार्डावर जाहीर करा, लपवलीत तर दंड बोंबलाच्या भावात बसणार नाही.

पासपोर्ट नसेल तर मोठ्यांना ३६ पानांचा १,५०० रुपयांत दहा वर्षांसाठी. तत्काळला २,००० जादा. बंदी लागल्यावर धावपळ केलीत तर हे दोन हजार गेले. मार्च-एप्रिलात अर्ज टाका.

आणि कोकण रेल्वे. जूनच्या मध्यापासून तिचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात, एखाद्या दिवशी दरड येते. विमानाच्या दिवशीच रत्नागिरीहून निघणं म्हणजे जुगार. आदल्या दिवशी निघा. मुंबईसाठी ठाणे, नवी मुंबईच्या नव्या विमानतळासाठी पनवेल आणि गोव्याच्या मोपासाठी थिवी. तिन्हीकडचे तिकिटाचे भाव ताडून बघा, बऱ्याचदा फरक एका रात्रीच्या खोलीइतका निघतो.

ब्रह्मदेश, रिक्षानं

म्यानमार सध्या यादीत नको, २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथे यादवी चालू आहे. पण ब्रह्मदेशाचा एक तुकडा मिरकरवाड्याहून रिक्षाच्या भाड्यात मिळतो. इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलेला राजा थिबा पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणला गेला. भाट्याच्या खाडीकडे बघणारा राजवाडा १९१० च्या सुमारास उभा राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याची समाधीही शहरातच आहे. ती बघायला २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले होते. त्यांचा प्रवासखर्च आपल्यापेक्षा नक्कीच जास्त झाला असणार.