नेट आहे, पण काही उघडत नाही

घरच्या इंटरनेटच्या तक्रारी दोन जातींच्या असतात. पहिलीत राउटरवरचा दिवा लाल होतो आणि केबलवाल्याला फोन करण्यापलीकडे आपल्या हातात काही उरत नाही. दुसरीत सगळे दिवे हिरवे असतात, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येत असतात, आणि ब्राउझरमध्ये कुठलंही नाव टाकलं की पांढरं पान येतं: साइट सापडली नाही. या दुसऱ्या जातीच्या मुळाशी बहुतेकदा डीएनएस असतं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अशा तक्रारी माझ्याकडे येतात. खालच्या मजल्यावरचे काका परवा लाइटबिल भरायला बसले होते. ‘‘मोबाइलवर सगळं चालतंय, कॉम्प्युटरच रुसलाय. फॉरमॅट मारावा लागेल का रे?’’ मोबाइल त्यांचा सिमच्या डेटावर होता, त्यामुळे ती साक्ष कामाची नव्हती. कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सअ‍ॅप मात्र चालू होतं, ही साक्ष कामाची. ते सकाळपासून उघडं होतं, त्याची जोडणी आधीच झालेली होती. त्याला नव्याने कुणाचा पत्ता विचारायचा नव्हता.

कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण नाव टाकलं की तो ठरलेल्या एका सर्व्हरला विचारतो, ‘याचा आकडा काय?’ त्या सर्व्हरला रिझॉल्व्हर म्हणतात. त्याला उत्तर ठाऊक नसेल तर तो आधी मूळ सर्व्हरांकडे जातो. जगात त्यांची ए ते एम अशी १३ नावं आहेत, प्रत्येक नावामागे ठिकठिकाणी अनेक यंत्रं. ते सांगतात, ‘डॉट इन’वाल्यांना विचार. डॉट इनवाले त्या साइटच्या स्वतःच्या नावसर्व्हरकडे पाठवतात, आणि तिथे आकडा मिळतो. एवढी पायपीट दरवेळी होत नाही. प्रत्येक उत्तराबरोबर ते किती सेकंद लक्षात ठेवायचं तेही सांगितलेलं असतं आणि तेवढा वेळ रिझॉल्व्हर, कधी राउटर, कॉम्प्युटर आणि ब्राउझर सगळेच ते धरून बसतात.

काकांच्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडली. पहिली आज्ञा, ‘पिंग ८.८.८.८’. भराभर उत्तरं आली, म्हणजे तार ठीक. दुसरी, ‘एनएसलुकअप’ आणि पुढे साइटचं नाव. ही आज्ञा उत्तराच्या आधी एक फार उपयोगी गोष्ट छापते: आपण कुणाला विचारतोय. काकांकडे तिथे १९२.१६८.१.१ होतं, म्हणजे कपाटावरचा राउटर. त्याखाली एकामागून एक ‘टाइम्ड आउट’. राउटर स्वतः शोध घेत नाही, प्रश्न पुढे कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे ढकलतो, आणि गडबड याच वाटेवर कुठेतरी होती. तीच आज्ञा पुन्हा दिली, या वेळी शेवटी बाहेरच्या एका रिझॉल्व्हरचा आकडा, ९.९.९.९, जोडून. म्हणजे राउटरला न विचारता थेट त्या सर्व्हरला विचार. क्षणात आकडा हजर. फॉरमॅटचा विषय तिथेच संपला.

मग बदलायचं काम. त्याआधी मी ‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ जोडून सगळं छापून घेतो आणि डीएनएस सर्व्हरच्या ओळीतले आकडे कागदावर लिहायला सांगतो. ‘‘ते कशाला? ते तर बिघडलेलेच आहेत ना?’’ काका म्हणाले. बिघडलेले असोत, परत जायची वाट तीच असते. त्यांच्याकडे सेटिंग्जमध्ये ते ‘ऑटोमॅटिक’ होतं, तेही त्यांनी वहीत लिहिलं.

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट अशा पायऱ्या उतरल्या की ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ दिसतं, समोर ‘एडिट’. त्याच्या जवळच ‘आयपी असाइनमेंट’ची ओळ असते आणि तिच्यासमोरही ‘एडिट’च. घाईत माणसं तिकडे हात घालतात, कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता बदलून बसतात आणि होतं तेवढंही नेट घालवतात. बरोबरच्या ‘एडिट’वर गेलं, ‘मॅन्युअल’ निवडलं, आयपीव्ही४ चालू केलं की दोन रकाने समोर येतात, पहिल्या पसंतीचा आणि पर्यायी.

या दोन रकान्यांबद्दल बराच गैरसमज आहे. पहिल्याला उत्तर सापडलं नाही तर दुसरा शोधून देईल, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. ‘असं नावच नाही’ हेही पुरेपूर उत्तर आहे आणि ते मिळाल्यावर कॉम्प्युटर दुसऱ्याकडे जात नाही. पहिला गप्प बसला तरच दुसऱ्याची पाळी. त्यामुळे घरात मुलं आहेत म्हणून पहिल्यात गाळणीवाला १.१.१.३ टाकायचा आणि दुसऱ्यात बिनगाळणीचा ८.८.८.८, हा उपाय भोक पडलेल्या चाळणीसारखा आहे. पहिला जरा रेंगाळला की जे अडवायचं तेच निसटून जातं. दोन्ही रकान्यांत एकाच घरचे आकडे हवेत.

कुठल्या घरचे, हा पुढचा प्रश्न, आणि इथे मला ‘कुठलेही टाका, सारखेच’ हे म्हणणं पटत नाही. गूगलचा ८.८.८.८ डिसेंबर २००९पासून आहे, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा १ एप्रिल २०१८पासून. दोन्ही वेगवान आणि भरवशाचे. काकांसाठी मी ९.९.९.९ आणि त्याचा जोडीदार १४९.११२.११२.११२ टाकला. हा क्वाड९ नावाच्या ना-नफा संस्थेचा आहे आणि फसवणुकीच्या म्हणून माहीत असलेल्या नावांना तो ‘असं नावच नाही’ असं उत्तर देतो. काकांना फॉरवर्ड आलेली प्रत्येक लिंक उघडून बघायची सवय आहे, तेव्हा निवड सोपी होती. आपण दिवसभरात कुठली कुठली नावं विचारतो ही यादी ज्याच्या हाती जाते त्याला आपल्या घरातलं बरंच काही कळतं, एवढं मात्र हे आकडे निवडताना डोक्यात असावं. पूर्वी ही यादी इथल्या नेट कंपनीकडे जायची, आता परदेशातल्या संस्थेकडे. रकान्याखालचं ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ चालू केलं तर प्रश्न वाटेत वाचता येत नाही, पण म्हणून कंपनी आंधळी होत नाही. प्रश्नानंतर आपण ज्या आकड्याकडे जातो तो तिला दिसतोच, आणि साइटचं नावही अजून बहुतेक वेळा दिसतं.

‘‘आता स्पीड वाढेल ना?’’ हा प्रश्न दर घरी येतो. नाही वाढणार. नाव विचारण्यात जातात ते मिलिसेकंद. तिथे थोडी बचत झाली तर पान उघडतानाचा पहिला अडखळा कमी होतो, पण सिनेमा उतरवायचा वेग तोच राहतो. उलट मोठ्या साइट रिझॉल्व्हर कुठे आहे त्यावरून जवळचा सर्व्हर देतात. रिझॉल्व्हर लांबचा असेल तर कधी कधी व्हिडिओही लांबून येतो. वेगासाठी डीएनएस बदलणं हा मला तरी रिकामा उद्योग वाटतो. अडल्यावर बदलणं वेगळं.

आयपीव्ही६ची, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीची, बाजू लोक विसरतात. राउटर त्या बाजूनेही डीएनएसचा पत्ता वाटत असेल तर वरचे दोन रकाने भरूनही कॉम्प्युटर काही प्रश्न जुन्याच ठिकाणी विचारतो. ब्राउझरचं आणखी वेगळं. त्यात ‘सिक्युअर डीएनएस’ चालू असेल आणि तिथे दुसरी कंपनी निवडलेली असेल तर तो विंडोजला विचारतच नाही. म्हणजे एका घरात राउटरचं एक, विंडोजचं दुसरं आणि ब्राउझरचं तिसरं डीएनएस सुखाने नांदू शकतं. नेमकं कोण बोलतंय ते शोधणं हाच या कामातला खरा भाग. आकडे टाकायला मिनिटही लागत नाही.

‘आयपीकॉन्फिग’ला ‘फ्लशडीएनएस’ जोडून जुनी उत्तरं पुसली. लाइटबिल भरलं. काकूंनी चहा ठेवला. आणि मग काका म्हणाले, ‘‘आता भावाच्या होमस्टेची साइट उघडून दाखव. ती तर दोन-तीन महिने उघडत नाहीये.’’

गुहागरच्या त्या होमस्टेची साइट काकांच्या भाच्याने बनवलेली. माझ्या फोनवर उघडली, काकांकडे नाही. ‘एनएसलुकअप’ने जो आकडा दिला तो बरोबर होता. ‘पिंग’ने मात्र त्याच नावाला वेगळाच आकडा दाखवला. असा मतभेद दिसला की शोध जवळपास संपलेला असतो, कारण ‘एनएसलुकअप’ थेट सर्व्हरला विचारतो आणि ‘पिंग’ विंडोजच्या नेहमीच्या वाटेने जातो. त्या वाटेवर डीएनएसच्याही आधी एक फाइल लागते. तिचं नाव ‘होस्ट्स’, जागा विंडोजच्या सिस्टम३२मध्ये, ड्रायव्हर्सखालच्या ‘ईटीसी’ फोल्डरात.

ही फाइल डीएनएसपेक्षा म्हातारी आहे. अमेरिकेत इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात जोडलेल्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा आणि बाकीचे तिच्या नकला उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी यादी आवरेना. १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ती यादी मोडून प्रत्येकाने आपापल्या नावांची जबाबदारी घ्यायची रचना मांडली. तीच आजचं डीएनएस. जुनी यादी मात्र प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये फाइल म्हणून राहून गेली, आणि अजूनही तिचा शब्द आधी मानला जातो.

भाच्याने साइट नव्या सर्व्हरवर नेताना, ती सगळ्यांना दिसण्याआधी स्वतः बघता यावी म्हणून काकांच्या कॉम्प्युटरवरच्या या फाइलमध्ये एक ओळ लिहिली होती. वेबसाइट बनवणारे बरेचजण असं करतात, आणि बहुतेकजण नंतर ती पुसतात. पुढे सर्व्हर पुन्हा बदलला, जगाला नवा पत्ता कळला, काकांच्या कॉम्प्युटरला मात्र भाच्याची ओळ खरी. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं, ओळीच्या आधी ‘#’ टाकलं, सेव्ह केलं. समुद्राचा फोटो दिसल्यावर काकांनी भाच्याला लगेच फोन लावला. त्या संभाषणाशी माझा संबंध नव्हता.

कधी कधी मात्र आपल्या बाजूने काहीच करता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ला, आपल्याकडे रात्री नऊनंतर, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास गायब झाले. तेव्हा त्या कंपनीच्या स्वतःच्या नावसर्व्हरांपर्यंत जायचे रस्तेच तिच्या हातून पुसले गेले होते. जिथे उत्तर असतं तिथेच पोचता येत नसेल, तर रकान्यात कितीही आकडे बदलून काय होणार?

आणि कधी हे आकडे दुसराच कुणीतरी बदलून जातो. एस्टोनियातल्या एका टोळीने ‘डीएनएसचेंजर’ नावाच्या व्हायरसने शंभरावर देशांतल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांची डीएनएस सेटिंग गुपचूप आपल्या सर्व्हरांकडे वळवली होती. नाव खरं टाका, पान त्यांच्या मर्जीचं येई. नोव्हेंबर २०११मध्ये एफबीआयने टोळी पकडली, पण ते सर्व्हर लगेच बंद करता आले नाहीत. केले असते तर तेवढ्या सगळ्यांचं इंटरनेट एका फटक्यात गेलं असतं. म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२पर्यंत चालवावे लागले. तो व्हायरस कॉम्प्युटरवर थांबत नव्हता. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असेल तर आत शिरून तिथलंही डीएनएस बदलायचा, म्हणजे घरातला प्रत्येक फोन त्याच्या ताब्यात.

काकांच्या राउटरचं युजरनेम ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ होता. तो बदलून त्याच वहीत लिहून ठेवला. तुमच्या घरी आजवर बदलला नसेल, तर विंडोजमधल्या त्या दोन रकान्यांना हात लावायच्या आधी तो बदला.