अकराला ओहोटी असतेच ना?

शनिवारी-रविवारी अलिबागच्या किनाऱ्यावर थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं: "मागच्या वेळी आम्ही अकरालाच चालत गेलो होतो!" बोलणारे गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून उभे असतात. समोर कुलाबा किल्ला आणि मध्ये भरपूर पाणी. त्यांच्या चेहऱ्यावर समुद्राने शब्द फिरवल्याची नाराजी असते.

मागच्या महिन्यात असंच एक कुटुंब उभं होतं. पाणी उतरतंय की चढतंय यावर नवरा-बायकोचं एकमत होत नव्हतं. शेजारी जाळं निवडत बसलेल्या आजोबांनी मान वर न करता विचारलं, "आज तिथ काय?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तारीख ठाऊक होती, वार ठाऊक होता, तिथी कुणालाच नाही. आजोबांनी स्वतःच बोटांवर मोजलं आणि सांगितलं, "आता जेवून घ्या. चारला या."

तर पहिला आणि सगळ्यात चिवट गैरसमज हा, की ओहोटी रोज ठरल्या वेळी येते. वस्तुस्थिती शाळेच्या भूगोलात शिकवलेली आहे, पण सहलीला निघताना ती घरीच राहते. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरती-ओहोटीचं चक्र २४ तासांचं नसून सुमारे २४ तास ५० मिनिटांचं असतं. तेवढ्यात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे आज अकराला असलेली ओहोटी उद्या अकरा पन्नासच्या सुमारास, परवा बारा चाळीसच्या सुमारास. आठवडा उलटला की त्याच अकराच्या ठोक्याला जवळजवळ पूर्ण भरती!

मग हा गैरसमज मरत का नाही? कारण पंधरवड्याने तो पुन्हा खरा ठरतो. दोन आठवड्यांत वेळ जवळपास बारा तास सरकते, सकाळची ओहोटी रात्री जाते आणि रात्रीची सकाळी येते. त्यामुळे एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी आलेल्याला अकराच्या आसपास वाट मोकळी मिळते आणि तो घरी जाऊन दहा जणांना सांगतो, "अकराला जा." मधल्या शनिवारी येणारे ते दहा जण मग आम्हाला इथे भेटतात, बूट हातात घेऊन.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे द्वादशीला ओहोटी दुपारी तीनच्या आसपास आणि पहाटेही तीनच्याच आसपास. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, आकडा तोच. काटेकोर मोजलं तर प्रत्येक तिथीमागे ४८ मिनिटं धरायला हवीत. पाऊण तासाच्या हिशेबात तीन-तीन मिनिटं गळत जातात, म्हणून पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येतं, पण भरती बाराच्या सुमारास असते. वाटेला लागण्यापूर्वी अंदाज घ्यायला एवढी चूक चालते. किल्ल्यात पाऊल टाकायचं असेल तर मात्र छापील तक्ता बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग मुंबईच्या अपोलो बंदरासाठी भरती-ओहोटीचे आकडे आगाऊ प्रसिद्ध करतो, आणि अलिबागच्या वेळा त्याच्या आसपासच असतात.

दुसरा गैरसमज पहिल्याचा सख्खा भाऊ: "ओहोटी लागली म्हणजे सहा तास रस्ता मोकळा." अजिबात नाही! पाणी उतरायला सहा तास लागतात, पण वाट उघडी पडते ती शेवटी शेवटी. आणि चढताना पाणी फसवतं. दर्यावर्दी पूर्वीपासून एक ठोकताळा वापरत आले आहेत: सहा तासांत पाणी जेवढं चढायचं, त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरचा फरक धरला, तर पहिल्या तासात पाणी फूटभर चढतं आणि तिसऱ्या तासात एकट्याने मीटरभर. तटावर फोटो काढणाऱ्याला पहिल्या तासात वाटतं, काही घाई नाही. पुढच्या दोन तासांत त्याची किनाऱ्याकडची वाट गेलेली असते.

म्हणून वेळेचं गणित उलटं मांडा. तक्त्यातल्या ओहोटीच्या वेळेआधी तासभर निघा. वाळू आणि शेवाळलेले खडक तुडवत किलोमीटर-दीड किलोमीटर जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आत तासभर थांबा आणि पाणी चढायला लागलंय असं दिसताच परता. घोडागाडीने गेला असाल आणि गाडीवाला "चला आता" म्हणाला तर घासाघीस न करता चढा. त्याला घरी जायची घाई नसते, त्याच्या घोड्याला पाण्याची खोली कळलेली असते.

तिसरा गैरसमज अर्धवट शहाण्यांचा: "पौर्णिमा-अमावास्येला समुद्र भरलेला, तेव्हा जाऊच नये. अष्टमी बरी." खरं तर उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच खोल उतरतंही, वाट सगळ्यात कोरडी तेव्हाच मिळते. फक्त ती ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. अष्टमीला भांगाची भरती असते, ओहोटी भर दुपारी बाराला सोयीची पडते, पण पाणी पुरतं हटत नाही. गुडघाभर पाण्यातून जायची तयारी ठेवा.

इतका बाऊ कशाला, असं वाटत असेल तर व्हेनिस आठवा. तिथला भरती-ओहोटीचा फरक आपल्या मानाने किरकोळ, मोठ्या भरतीलाही मीटरभरच. तरी ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी नेहमीच्या पातळीच्या १९४ सेंटिमीटर वर चढलं आणि शहराने धडा घेतला. आज तिथे नगरपालिकेचं भरती केंद्र रोज अंदाज जाहीर करतं, आणि इटलीला जाणारी आपली मंडळी तो निघण्यापूर्वी मोबाइलवर पाहतात. तीच मंडळी मांडव्याला उतरली की टपरीवर विचारतात, "अकराला ओहोटी असतेच ना?"

उरलेले गैरसमज भराभर.

"कुलाबा किल्ला मुंबईतल्या कुलाब्यात आहे." नाही, तो अलिबागच्या समुद्रात आहे, १९८१ पर्यंत या सगळ्या जिल्ह्याचंच नाव कुलाबा होतं.

"रायगड जिल्ह्यात आलोच आहोत, तर जाता जाता रायगड किल्ला करू." तो महाड तालुक्यात, डोंगरात आहे. अलिबागहून जाऊन यायला अख्खा दिवस ठेवा.

"जंजिऱ्यालाही ओहोटीत चालत जाता येतं." येत नाही. होडीनेच जावं लागतं आणि पावसाळ्यात तीही बंद असते.

"समुद्रातल्या किल्ल्यात पाणी खारंच असणार." कुलाब्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. पिण्याचं पाणी तरीही बरोबर न्या.

"गेटवेच्या लाँचा बारा महिने चालतात." पावसाळ्यात त्या थांबतात. २०२० साली सुरू झालेली भाऊच्या धक्क्यावरची रो-रो हवामान बघून सुटते.

"अलिबागला रेल्वेने जाऊ." प्रवासी गाडी पेणपर्यंतच, पुढे एसटी.

१६८० साली शिवाजी महाराजांनी कुलाब्याचं हे बेट किल्ल्यासाठी निवडलं. दिवसातून दोनदा आपोआप भरणारा खंदक त्याला फुकट मिळाला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथे आरमार उभं केलं, आणि १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी कुलाबा पडला नाही. तो खंदक अजून चालू आहे, रविवार बघून बंद राहत नाही.

शेवटी एक जुनं दुखणं. भोळ्या माणसाला हिंदीत "अलिबाग से आया है क्या?" म्हणतात. हे वाक्य बंद करावं म्हणून एक अलिबागकर थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, २०१९ साली याचिका फेटाळली गेली. आमची आता काही तक्रार नाही. फक्त पाण्यात पाऊल घालण्याआधी जाळं निवडणाऱ्या एखाद्या आजोबांना वेळ विचारा. ते अलिबागचेच असतात.