‘सेलिब्रिटी’ म्हणजे नेमकं कोण? चेहरा पाहून पैसे भरण्याआधी हे वाचा

दहीहंडी असो, जत्रा असो की नव्या दुकानाचं उद्घाटन, ‘सेलिब्रिटींची उपस्थिती’ हे शब्द आता गावोगावच्या फ्लेक्सवर दिसतात. मोबाईलवर तर रोजच. या इंग्रजी शब्दाचा अर्थ नीट कळला तर खिशाचंही नुकसान टळतं.

शब्द आला कुठून?
मूळ शब्द लॅटिन भाषेतला. त्याच्या मुळाशी गर्दी आणि गाजावाजा हा अर्थ आहे. इंग्रजीत आधी ‘प्रसिद्धी’ या अर्थाने तो वापरायचे. एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध माणसालाच सेलिब्रिटी म्हणू लागले. आपल्याकडे त्याला नामवंत किंवा प्रसिद्ध व्यक्ती म्हणता येईल. पण नामवंत म्हटलं की काहीतरी कर्तृत्व डोळ्यापुढे येतं. सेलिब्रिटीला तेवढी अट नाही. लोक ओळखतात, बघायला गर्दी करतात, एवढं पुरतं.

कुणाला काय म्हणायचं?
- व्हीआयपी: पदामुळे किंवा अधिकारामुळे मान मिळणारा. मंत्री, मोठे अधिकारी वगैरे. पद गेलं की बऱ्याचदा मानही जातो.
- सेलिब्रिटी: नट-नट्या, क्रिकेटपटू, गायक. पद नसलं तरी चेहरा ओळखीचा.
- इन्फ्लुएन्सर: मोबाईलवर ज्याचे फॉलोअर आहेत आणि ज्याचं ऐकून लोक वस्तू घेतात. तुमच्या तालुक्यातला रील बनवणारा पोरगाही यात येऊ शकतो.
- ब्रँड ॲम्बेसेडर: कंपनीशी करार करून तिची जाहिरात करणारा.

सुपारी ओळखा
तमाशाची सुपारी आपल्याला माहीत आहे. ठरलेले पैसे, ठरलेला कार्यक्रम. जाहिरातही तशीच असते. क्रिकेटपटू बॅटिंगमध्ये तरबेज असेल, म्हणून त्याला बियाण्यातलं किंवा कर्जातलं कळतं असं नाही. पैसे किंवा इतर फायदा घेऊन प्रचार केला असेल तर ‘जाहिरात’, ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘पेड प्रमोशन’ असं स्पष्ट दाखवावं, असं केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सरसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलंय.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार खोटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीलाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. शिवाय पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यावर बंदी येऊ शकते. मात्र दाव्याची आधी नीट खात्री केली होती, हे दाखवलं तर तो सुटतो.

चेहराही खोटा असू शकतो
जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय असा व्हिडिओ फिरला. तो खोटा असल्याचं खुद्द सचिननेच जाहीर केलं. चेहरा त्याचा, पण बोलणं कॉम्प्युटरवर बनवलेलं. असे डीपफेक व्हिडिओ साध्या डोळ्याला ओळखू येत नाहीत.

मग करायचं काय?
व्हिडिओतल्या लिंकवरून पैसे भरू नका, ॲप घेऊ नका. बियाणं, औषध, खत यासाठी कृषी विज्ञान केंद्रात विचारा, पक्कं बिल घ्या. ऑनलाइन फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जाहिरातीत सांगितलं एक आणि वस्तू निघाली भलतीच, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

सेलिब्रिटी आवडू द्या, सेल्फीही काढा. पण शेतात काय टाकायचं आणि पैसे कुठे गुंतवायचे, हे त्याचा चेहरा बघून ठरवू नका.