पन्नासावरून सातावर, तरी काम बाकी

बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या माणसाला कार निकोबार बेट परकं वाटणार नाही. समुद्र, नारळाची झाडं, धो धो पाऊस, सगळं ओळखीचं. पण २०१० साली दिल्लीच्या 'एम्स'मधल्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्राच्या पथकाने तिथल्या एक ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पापण्या उलटून पाहिल्या, तेव्हा ५०.८ टक्के मुलांना खुपरी निघाली. खुपरी हा राजस्थान, हरियाणासारख्या कोरड्या, धुळीच्या मुलखाचा रोग, ही समजूत त्या आकड्याने मोडली. पाऊस भरपूर पडतो म्हणून मुलांची तोंडं स्वच्छ राहतातच असं नाही.

खुपरी म्हणजे ट्रॅकोमा. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जिवाणू मुलाच्या डोळ्यांतल्या घाणीतून, बोटांवरून, सगळ्या घरात फिरणाऱ्या टॉवेलवरून आणि माश्यांच्या पायांवरून दुसऱ्या डोळ्यात जातो. एकदा झालेला संसर्ग बहुधा बरा होतो. घात होतो तो वर्षानुवर्षं पुन:पुन्हा होणाऱ्या संसर्गाने. पापणीच्या आतल्या बाजूला व्रण धरतात, पापणी आत वळते आणि प्रत्येक उघडझापीला केस बुबुळावर घासू लागतात. लहानपणी लागलेल्या रोगाची किंमत अशी प्रौढपणी दृष्टी देऊन मोजावी लागते. लहान मुलांचं सगळं करणाऱ्या बायकांना ती जास्त मोजावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने यावर चार कलमी उपाय ठरवले आहेत: वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, प्रतिजैविक, चेहऱ्याची स्वच्छता आणि पाणी-शौचालयांची सोय. कार निकोबारमध्ये ॲझिथ्रोमायसिनच्या सामूहिक मात्रेच्या तीन वार्षिक फेऱ्या झाल्या. औषध फक्त रुग्णांना नव्हे, तर सगळ्या वस्तीला दिलं जातं, कारण लक्षणं नसलेल्यांमध्येही जिवाणू असू शकतो. २०१३मध्ये पथक पुन्हा गेलं, तेव्हा मुलांमधलं प्रमाण ६.८ टक्क्यांवर आलं होतं.

पन्नासावरून सातावर! कुठल्याही योजनेच्या अहवालात हा आकडा ठळक अक्षरांत छापला जाईल. पण खुपरीच्या हिशेबात तो पुरेसा नव्हता. एक ते नऊ वर्षांच्या मुलांमधलं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली यावं लागतं. शिवाय पापणी वळलेल्या प्रौढांचं प्रमाण तिथे मर्यादेच्या बरंच वर होतं. गोळीने जिवाणू मरतो, पण वळलेली पापणी सरळ होत नाही.

मोजणीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. नमुना पद्धतीने गावं आणि घरं निवडतात. तपासनीस भिंगाने वरच्या पापणीची आतली बाजू पाहतो. तिथे किमान अर्धा मिलिमीटर आकाराचे पाच किंवा अधिक पुटकुळे दिसले, तरच ते मूल मोजणीत धरतात. औषधाच्या शेवटच्या फेरीनंतर निदान सहा महिने थांबूनच पाहणी करायची असते, नाहीतर औषधाचा तात्पुरता परिणाम कायमचा वाटू शकतो. प्रमाण मर्यादेखाली आलं, तरी औषध बंद ठेवून दोन वर्षांनी पुन्हा पाहायचं. खरी परीक्षा ती, कारण दबलेला संसर्ग तोवर डोकं वर काढतो.

इथे एक पेच आहे. पुटकुळे आणि जिवाणू बरोबरीने नाहीसे होत नाहीत. जिवाणू गेल्यावरही पुटकुळे काही काळ राहतात, आणि इतर जंतूंमुळेही ते येऊ शकतात. रोग जितका विरळ, तितकी दिसणाऱ्या पुटकुळ्यामागे खरोखर खुपरी असण्याची शक्यता कमी. तपासनिसांच्या नजरेखालून रुग्ण जात नाहीत, त्यामुळे त्यांचा सरावही सुटतो. म्हणून आता बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात प्रतिपिंडं शोधण्याची पद्धत जोडीला घेतली जाते. लहान मुलांच्या रक्तात ती सापडली नाहीत, तर त्यांच्या आयुष्यात तरी जिवाणू फारसा फिरलेला नाही, असं म्हणता येतं.

दुसरी कसोटी प्रौढांची. पंधरा वर्षांवरच्या हजार जणांमध्ये पापणी वळलेले, पण आरोग्य यंत्रणेला ठाऊक नसलेले रुग्ण दोनपेक्षा कमी हवेत. 'ठाऊक नसलेले' हे महत्त्वाचं. यादीत नाव आहे, शस्त्रक्रिया देऊ केली आहे, असा माणूस यात धरत नाहीत. म्हणजे ही कसोटी रोगाइतकीच यंत्रणेचीही आहे.

भारताने १९६३मध्ये राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि १९७६मध्ये तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामावून घेतला. २०१४ ते २०१७च्या पाहण्यांत मुलांमधल्या सक्रिय खुपरीचं प्रमाण ०.७ टक्के निघालं. मग २०२१ ते २०२४ या काळात २०० जिल्ह्यांत फक्त वळलेल्या पापण्यांची पाहणी झाली. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपरी 'सार्वजनिक आरोग्याची समस्या' उरली नसल्याचं मान्य केलं. आग्नेय आशिया विभागात नेपाळ आणि म्यानमारनंतर भारत तिसरा.

या प्रमाणपत्राचा अर्थ शून्य रुग्ण असा नाही. रोग ठरलेल्या मर्यादेच्या खाली आहे, इतकाच. ही मर्यादा ज्या सवयींवर उभी आहे, त्यांना पाणी लागतं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यात वाड्या झोपवल्या, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि विजेविना पंप चालत नाही. असे दिवस कुठल्याही किनाऱ्यावर पुन्हा येऊ शकतात.

म्हणून बोर्ली पंचतनसारख्या गावात करण्याजोगं काम साधं आहे. मोतीबिंदूच्या शिबिरात आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पापण्यांच्या केसांकडेही बघावं. घरात आजी चिमट्याने पापणीचे केस उपटून घेत असेल, तर ते वयाचं दुखणं म्हणून सोडून देऊ नये. तिला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावं. शस्त्रक्रिया छोटी असते, आणि तिचं नाव नोंदवहीत चढलं की यंत्रणेला ठाऊक नसलेला एक रुग्ण कमी होतो.