न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहराच्या मुख्य चौकात ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या पर्वाच्या तोंडावर भरणारा बाजार २४ डिसेंबरपर्यंत चालतो आणि त्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी पुरावा १६२८ साली भेट दिलेल्या एका लाकडी पेटीवरील मजकुरात सापडतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाने आच्छादलेल्या टपऱ्यांत प्लॅस्टिकच्या माळांना परवानगी नसल्याने हस्तकलेला येथे खरा मान मिळतो.

त्यातही लक्षवेधी ठरते ती ‘झ्वेचगेनमेन्ले’ ही सुकवलेल्या आलुबुखारांची बाहुली: तारेच्या सांगाड्यात फळे ओवून हातपाय घडवले जातात, अक्रोडावर चेहरा रंगवला जातो आणि वर कापडी पोशाख चढतो, खाण्याच्या जिनसांतून माणूस उभा करण्याची ही कल्पकता शेजारच्या झगमगत्या काचगोळ्यांपेक्षा कितीतरी सरस आहे. पितळेच्या अतिपातळ पत्र्याच्या चुणीदार झग्यातील ‘राउशगोल्ड’ देवदूतही याच शहराची खूण मानला जातो.

बाजारात मिळणाऱ्या ‘लेबकुखेन’ या मसालेदार केकसदृश बिस्किटांपैकी ‘एलिझेन’ या उंची प्रकारात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के असावे लागतात आणि पीठ १० टक्क्यांहून अधिक चालत नाही.