कधीपासून होतंय हे?

मेंदूच्या डॉक्टरांकडे जाणारा पेशंट बहुधा जाडजूड फाइल घेऊन येतो. एमआरआयच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, आधीच्या तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. डॉक्टर मात्र फाइल बाजूला ठेवतात आणि आधी विचारतात, “कधीपासून होतंय हे? एकदम झालं, की हळूहळू वाढत गेलं?” नातेवाइकांना हा वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात अर्धं निदान या उत्तरातच असतं. काही सेकंदांत हात लुळा पडला तर संशय रक्तवाहिनीवर जातो. चार-आठ दिवसांत अशक्तपणा वाढत गेला तर जंतुसंसर्ग किंवा दाह, काही महिन्यांत वाढला तर गाठ, आणि वर्षानुवर्षं रेंगाळत आला तर पेशींची झीज. नियम ढोबळ आहे, त्याला अपवादही आहेत. पण बिघाड कोणत्या वेगाने आला, हे फिल्मपेक्षा पेशंट आणि त्याच्या घरचे अधिक नेमकं सांगू शकतात.

ही विद्या स्कॅनच्या आधीची आहे. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी 1896 साली तळपायाची एक खूण सांगितली. तळव्याच्या बाहेरच्या कडेने किल्लीसारखी बोथट वस्तू टाचेकडून बोटांकडे ओढायची. मोठ्यांमध्ये अंगठा खाली वळतो. तो संथपणे वर उठला, तर दोष पायात नसून मेंदूत किंवा मज्जारज्जूत आहे. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनजवळच्या विम्बल्डनमधल्या रुग्णालयात झाला तो 1971 साली, म्हणजे पाऊण शतकानंतर. त्याच वर्षी मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने तोल जाण्याच्या एका आनुवंशिक आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या कुटुंबांमधल्या रुग्णांची नजर एका जागेवरून दुसरीकडे विलक्षण संथपणे सरकत होती. त्याचं जनुक सापडायला 1996 उजाडलं. आजाराचं वेगळेपण त्याआधी पंचवीस वर्षं केवळ नीट पाहण्यातून कळलं होतं.

वेळेची खरी कसोटी लागते ती पक्षाघातात. ‘अंगावरून वारं गेलं’ की पूर्वी हाती फारसं काही नसायचं. 1995 साली अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं, की गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे औषध तीन तासांच्या आत दिलं तर अपंगत्व कमी होतं. 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. 2015 मध्ये एकापाठोपाठ आलेल्या चाचण्यांनी दुसरा मार्ग पक्का केला: मोठी वाहिनी तुंबली असेल तर जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळीच ओढून काढायची. निवडक पेशंटमध्ये हे चोवीस तासांपर्यंतही करता येतं. पण मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा 2006 मधला हिशेब आहे. त्यामुळे चोवीस तास हातात आहेत असं कुणीही समजू नये.

घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. सकाळी सहाला उठताना तोंड वाकडं दिसलं, तरी रात्री दहाला तो नीट बोलून झोपला असेल तर वेळ दहाचीच धरावी लागते. ही वेळ घरच्यांनी कागदावर लिहून न्यावी. पहिला सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना, एवढं पाहण्यासाठी असतो. सुरुवातीच्या तासांत गुठळीचा परिणाम त्यात दिसेलच असं नाही. रक्तस्राव असेल तर गुठळीचं औषध घातक ठरतं, म्हणून स्कॅनआधी घरी अॅस्पिरिन देऊ नये. गिळताना ठसका लागून पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, तेव्हा पाणीही पाजू नये. तोंड वाकडं होण्याचं प्रत्येक कारण मात्र पक्षाघात नसतं. “आजी, कपाळाला आठ्या घाला बरं,” असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी. दोन्ही बाजूंना आठ्या पडल्या आणि फक्त गाल ओघळला, तर दोष मेंदूत असण्याचा संभव जास्त. अर्धं कपाळही सपाट राहिलं आणि डोळा मिटेना, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजलेली असते. घरी यावर निकाल लावायचा नाही. दोन्हींत दवाखाना गाठायचाच.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिलं कारण निघालं, साधारण सातातला एक मृत्यू त्याचा. त्यांतले बहुतेक घरीच गेले. साडेचार तासांची चर्चा करताना मला हा अभ्यास विसरता येत नाही. तिथे गुठळी काढणारी कॅथलॅब कधी पोहोचेल तेव्हा पोहोचो. रक्तदाब मोजणारा पट्टा आणि रोजची गोळी आज पोहोचवता येते, आणि त्यात हयगय होणं अक्षम्य आहे.

दुसरं घड्याळ दिवसांचं. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. आकडा दोनशेच्या घरात गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला आणि पिण्याच्या पाण्याकडे बोट गेलं. जिवाणूशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर, वायरीवरच्या प्लॅस्टिकसारख्या त्यांच्या वेष्टणावर किंवा आतल्या तंतूवर तुटून पडते. जुलाब होऊन आठ-पंधरा दिवस गेलेले असतात. मग पायांना मुंग्या, जिना चढताना गुडघे दुमडणं, दोन-तीन दिवसांत हातही जड. नसांची तपासणी आणि पाठीतलं पाणी पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकतं. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडत नाही, हे मात्र लवकर कळतं. “एका श्वासात मोठ्याने आकडे मोजा,” असं सांगतात, कारण खरा धोका श्वासाचा. वीसपर्यंतही जाता येईना, तर पेशंट अतिदक्षता विभागात हवा. इम्युनोग्लोब्युलिनचं पाच दिवसांचं इंजेक्शन किंवा प्लाझ्मा बदलणं, दोन्ही उपाय सारखेच गुणकारी. दोन्ही पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेले बरे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी यात फायदा होत नाही. इंजेक्शनचा खर्च लाखांत जातो, आणि मूळ कारण पाण्याचं असताना तो कुटुंबावर पडतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

फिटचं सगळंच निराळं. डॉक्टरांसमोर बसलेला माणूस तेव्हा ठणठणीत असतो, पहिला ईईजीही कित्येकदा नॉर्मल येतो. पाहणारा साक्षीदार हीच खरी तपासणी. डोळे उघडे होते का, चेहरा पांढरा पडला की निळा, जीभ कडेला चावली का, शुद्धीवर आल्यावर किती वेळ भांबावलेला होता? चक्कर आणि फिट यांतला फरक इथे कळतो. मोबाइलवरचं अर्ध्या मिनिटाचं चित्रण याबाबत मोठी मदत करतं, पण ते दुसऱ्या कुणी घ्यावं. पहिल्याने पेशंटला कुशीवर वळवावं. कांदा, चप्पल, दातांत चमचा, यांतलं काही करायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय.

मोठेपणी पहिल्यांदा फिट आली की आपल्याकडे सीटीत एक गोल कडं वारंवार दिसतं. ते बरेचदा पट्टकृमीच्या अळीचं असतं, कधी क्षयाचंही. “आम्ही तर शाकाहारी,” असं घरचे चकित होऊन म्हणतात. अंडी येतात ती न धुतलेल्या हातांवरून आणि मैल्याच्या पाण्यावर पिकलेल्या पालेभाजीवरून. आजार बरा होण्यातला आहे. एकूण अपस्मारातही नियमित गोळ्यांनी दहांतल्या सातजणांच्या फिट थांबू शकतात. लग्नाआधी आजार लपवणं, लग्नानंतर माहेरी पाठवणं, मग चोरून गोळ्या घेताना त्या चुकणं, या साखळीने औषधांपेक्षा जास्त नुकसान केलं आहे. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अट 1999 साली काढून टाकली गेली. ही गोष्ट लग्न जमवणाऱ्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

पार्किन्सन्स वर्षांच्या गतीने येतो, म्हणून ‘वय झालं’ या सबबीखाली दडतो. चालताना एकच हात हलेनासा होतो, सही बारीक होत जाते, फोडणीचा वास येईनासा होतो, मांडीवर निवांत ठेवलेला हात थरथरतो. एमआरआय सहसा साधाच निघतो. निदान होतं ते चाल पाहून आणि बोटं उघडझाप करायला सांगून. 1967 साली कोट्झियास यांनी लेव्होडोपाचे वाढते डोस देऊन जखडलेले रुग्ण चालते केले. तेच द्रव्य भारतीय संशोधकांनी 1937 मध्येच खाजकुइलीच्या बियांतून वेगळं केलं होतं. पण म्हणून आज बियांची पूड मनाने घेणं शहाणपणाचं नाही; तिच्यात मात्रा किती, हे ठरलेलं नसतं.

लेव्होडोपाच्या गोळ्यांचं वेळापत्रक कडक असतं. काही वर्षांनी एका डोसचा असर तीन-चार तासांवर येतो, आणि डाळ-दुधाच्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी काहींना लागूच पडत नाही. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत पेशंट एकमेकांना या वेळा कशा सांभाळायच्या ते सांगतात. गोंधळ होतो तो दुसऱ्याच आजारासाठी दाखल झाल्यावर. वॉर्डात गोळ्या वाटण्याची वेळ आठ, दोन आणि आठ. पेशंटची अकराची आणि पाचची गोळी राहून जाते आणि संध्याकाळपर्यंत तो खुर्चीतून उठू शकत नाही. उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड किंवा रात्री बडबड केली म्हणून दिलेलं हॅलोपेरिडॉल त्याला आणखी जखडतं. दाखल होतानाच नातेवाइकांनी गोळ्यांच्या वेळा आणि टाळायच्या या दोन औषधांची नावं ठळक अक्षरांत लिहून केसपेपरला लावायला द्यावीत, आणि नर्सची पाळी बदलली की नव्या सिस्टरना पुन्हा दाखवावीत.